मेलेलं बटण

सोमवार, ४

जगात अन्याय पुष्कळ आहेत, पण त्यांतले बरेचसे उभ्यानं सोसता येतात. खुर्चीचा अन्याय मात्र बसूनच सोसावा लागतो. आज डबिंग स्टुडिओत मला जी खुर्ची बहाल झाली तिची बैठक मधोमध खचलेली, डावा हात बेपत्ता, आणि पाठीतला एक स्क्रू असा नेमका बाहेर आलेला की त्याला माझ्या मणक्याचा पत्ता कुणीतरी लिहून दिला असावा. शिवाय जरा हललं की कुंई करते. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत लोकांना टोचणं हा माझा धंदा होता. आता बावन्नाव्या वर्षी मला खुर्ची टोचते. काळ सूड घेतो म्हणतात, तो असा, फर्निचरकरवी.

काम असं: एका परक्या भाषेतल्या सिनेमाचे संवाद मराठीत लिहायचे, पडद्यावरच्या माणसांच्या ओठांच्या मापात बसतील असे, आणि रेकॉर्डिंगला हजर राहायचं. सिनेमा हृदयस्पर्शी आहे. एक संतापी म्हातारा सायकली दुरुस्त करतो आणि सगळ्या गल्लीवर खेकसतो. शेजारची आठ वर्षांची मुलगी रोज एक न वाजणारी घंटी घेऊन त्याच्याकडे येते. मुलगी गोड, त्यामुळे म्हातारा निवळतो. दीड तासात सगळे मिळून चौदा मिठ्या मारतात. मी मोजल्या. पंधरावी असती तर काम सोडलं असतं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण वर्तमानपत्रातलं माझं सदर बंद झाल्यापासून हातात हे एकच काम आहे. मालकीणबाई म्हणाल्या, "बावीस तारखेच्या आत, गोडीगुलाबीनं पार पडलं, तर पुढचे सहा सिनेमे तुमचेच." जोर गोडीगुलाबीवर होता.

मग म्हाताऱ्याचा आवाज कोण देणार ते त्यांनी सांगितलं. कुंई झालं. मी नव्हे, खुर्ची.

तोफखाना येणार आहे.


मंगळवार, ५

समोर सगळे त्याला अण्णा म्हणतात, पाठीमागे तोफखाना. वय सहासष्ट, एकेकाळचा रंगमंचावरचा मोठा नट. त्याच्या रागाच्या गोष्टी या धंद्यात पुराणासारख्या सांगतात. कुणाच्या अंगावर नाटकाची वही फेकली, कुणाला मेकअपसकट खोलीबाहेर काढलं.

त्यातली एक गोष्ट माझी आहे. अठरा वर्षांपूर्वी मी 'निवडुंग' या टोपणनावानं सदर लिहायचे. त्याचं नाटक पाहून मी लिहिलं, "रिकाम्या हंड्यात गोटे खळखळावेत तसा हा आवाज. आत काही शिजत नाही, नुसता गलका." लोकांना ते इतकं आवडलं की प्रयोगात मागून कुणीतरी "हंडा, हंडा" ओरडायला लागलं. नाटक पाच प्रयोगांत बंद. त्यानंतर तो रंगमंचावर आला नाही. एका मुलाखतीत म्हणाला होता, "तो निवडुंग भेटला तर मुळासकट उपटीन." निवडुंग ही बाई आहे हे फक्त संपादकांना माहीत होतं, आणि ते गेले.

आज आमच्यात एक काच होती. काचेपलीकडे तो, कानांवर हेडफोन, समोर माइक. अलीकडे मी आणि ध्वनिमुद्रण करणारे वायरमामा. गळ्यात कायम चार वायरी लोंबत असतात म्हणून वायरमामा. कानांवर त्यांच्याही हेडफोन. बोलायचं असलं की एक कान उघडा करतात, भाव देत असल्यासारखे. आतल्या माणसाशी बोलायचं तर बटण दाबावं लागतं. एक मामांच्या हाताशी आहे. दुसरं माझ्या बाजूला, जुन्या लोखंडी डबीवर.

"ते मेलंय," मामा म्हणाले. "वर काय ठेवायचं ते ठेवा खुशाल."

टेबलावर तेवढीच जागा मोकळी होती. मी माझी संवादांची जाडजूड फाईल तिच्यावर ठेवली.

पहिलाच प्रसंग म्हातारा ओरडतो तो. तोफखान्यानं कागद वाचला, चष्मा काढला, दोन्ही दांड्या मिटल्या आणि तो समोर ठेवला. मग ओरडला. एवढी जाड काच, पण माझे हात बर्फ झाले. टेक बरा गेला नाही म्हणून त्यानं स्टूल लाथाडलं. स्टूल पडलं आणि मी खुर्चीत चार बोटं खचले.

"बाई, काय झालं?" मामांनी कान उघडा केला.

नको ते बोलले. म्हटलं, "मामा, आमचे बाबा ओरडायच्या आधी असाच चष्मा काढून ठेवायचे. दांड्या मिटून. तो टिक आवाज झाला की आम्ही दोघी बहिणी पलंगाखाली. अजून कुणी चष्मा काढला की माझे हात गार पडतात. मागून कुणी न खाकरता आलं तरी. जिन्याच्या वळणावरचा दिवा गेलाय, तिथून उतरतानासुद्धा जीव मुठीत. आणि ही खुर्ची! आणि घसा बसलाय सकाळपासून. त्या तोफखान्याच्या हिरव्या डबीत गोळ्या आहेत, पण मागणार कोण? वाघाच्या तोंडातलं हाड मागण्यापैकी."

मामा म्हणाले, "हं." काचेपलीकडे तोफखाना खाली वाकून स्टूल उचलत होता. फार वेळ उचलत होता.


बुधवार, ६

खुर्चीवर उशी आली! जुनी, निळी, एका कडेची शिवण उसवलेली, पण उशी. मामांचे आभार मानले तर म्हणाले, "कसली उशी?" विनय. टेबलावर घशाच्या गोळ्यांची हिरवी डबीसुद्धा, झाकणाला पोचा आलेली. तोफखान्याकडे काल अशीच होती. बाजारात हाच एक छाप चालत असावा. मी दोन खाल्ल्या. तोफखाना आज नुसतं गरम पाणी पीत होता.

पण भीती वाढलीच आहे. तो आता बोळातून येताना तीनदा मोठ्यानं खाकरतो. म्हणजे सावध राहा, मी येतोय. शिकारीला निघालेलं जनावर निदान गप्प तरी असतं.

आज चष्मा काढला नाही. ओरडायचे प्रसंग चष्मा लावूनच केले आणि सगळे चुकले. पडद्यावरचे ओठ मिटायचे तेव्हा याचा आवाज चालूच. मामा म्हणाले, "अण्णा, अर्धा सेकंद मागे पडताय." मला वाटलं, आता स्टूल. त्यानं फक्त मान हलवली. तोफ म्हातारी झाली, दुसरं काय.


शुक्रवार, ८

जे घडलं ते शांतपणे लिहायचा प्रयत्न करते. शाई पसरली तर हात दोषी.

दुपारी मामा म्हणाले, "बाई, तुम्ही त्यांना बघून टेबलाखाली का जाता? दरवेळी पेन पडतं का?" तोफखाना आत पाणी पीत होता, पाठ आमच्याकडे. चार दिवस पोटात धरलेलं होतं. मी सांगून टाकलं. निवडुंग मी, हंडा माझा, सगळं. "त्याला कळलं तर काम सोडून जाईल, माझे सहा सिनेमे जातील ते जातील, पण त्याआधी तो ओरडेल ना मामा, ते मला झेपणार नाही."

पाणी पिता पिता तोफखाना थांबला. वळला. काचेतून सरळ माझ्याकडे पाहत राहिला. मी देवाची सगळी नावं आठवून पाहिली, तीनच आठवली.

मामांनी त्यांचं बटण दाबलं. "अण्णा, काय झालं? आवाज गेला का हेडफोनमधला?"

"नाही," तो म्हणाला. "नीट येतोय."

संध्याकाळी दाराशी गाठलंच. तीनदा खाकरून. "बाई, तुम्ही पूर्वी कुठं लिहायचा?"

"पाककृतींच्या पानात," मी म्हटलं. देवाशपथ हेच निघालं तोंडातून.

"असं," तो म्हणाला. "मग भांड्याकुंड्यांची माहिती असेल."

घरी येऊन दाराला आतून खुर्ची लावली. भांड्याकुंड्यांची!


सोमवार, ११

मामांनीच चुगली केली. दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं. आज गेल्या गेल्या मी त्यांना म्हटलं, "मामा, कानांवर एवढाली झाकणं घालता, एखादं तोंडालाही करून घ्या."

मामांनी हेडफोन काढला. दोन्ही कान. "मी काय केलं, बाई?"

"ते तुमचं तुम्हाला ठाऊक."

दिवसभर आम्ही "पुढचा" आणि "परत" या दोन शब्दांत काम केलं. तोफखाना काचेपलीकडून एकदा मामांकडे बघे, एकदा माझ्याकडे. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

ताईला फोन केला. मोठी बहीण म्हणून सहानुभूतीची अपेक्षा होती. ती म्हणाली, "त्या बापड्या मामाला कशाला बोललीस?"

"मी फक्त एक वाक्य बोलले."

"तुझं एक वाक्य! बाबांचा राग जेवणापर्यंत टिकायचा गं. तुझा छापून यायचा."

फोन ठेवला. मी ठेवला. मी ओरडत नाही. आयुष्यात कधी ओरडले नाही. लोकांना हा फरक का कळत नाही?


बुधवार, १३

तोफखाना रोज चुकतोय. घंटीवाल्या मुलीचा आवाज देणारी बेबी (वय अडतीस, दोन मुलांची आई, पण माइकसमोर आठ वर्षांची) बिचारी उभी राहून दमली. आज मालकीणबाई स्वतः आल्या. बटण दाबून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अण्णा, जमत नसेल तर सांगा. मी दुसरा आवाज बघते."

मी कानांत बोटं घालायच्या बेतात. आता काच फुटणार.

त्यानं चष्म्याला हात लावला. मग काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. "उद्या जमवतो, बाई," म्हणाला. अगदी हळू.

ओरडणाऱ्या माणसाची भीती वाटते, पण ती ओळखीची असते. न ओरडणाऱ्या तोफखान्याचं काय करायचं? दारू आत भरून ठेवतोय. आणि कुणासाठी, हे मला बरोबर ठाऊक आहे.

सातला निघाले तर जिन्याच्या त्या अंधाऱ्या वळणावर उभा! हातात मोबाइलचा दिवा, पायऱ्यांवर रोखलेला. मी वरूनच मागे फिरले आणि मागच्या लोखंडी जिन्यानं उतरले. वीस मिनिटांनी रस्त्यापलीकडून पाहिलं, तर तो दिवा अजून तिथंच होता.


गुरुवार, १४

दुपारच्या सुट्टीत तोफखाना बाहेर गेला. मला त्याच्या कागदांत एक वाक्य बदलायचं होतं, म्हणून पहिल्यांदाच काचेच्या आत गेले. त्याचे कागद स्टँडवर होते. प्रत्येक पानाच्या डोक्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं: "चष्मा काढायचा नाही."

प्रत्येक पानावर. मी चौदा पानं उलटली.

माझी नजर पडद्यावर गेली. तो तिथून चांगला बारा पावलं लांब. आणि त्याचा चष्मा वाचायचा, जवळचा. हे मला एवढे दिवस दिसत कसं नव्हतं? चष्मा लावून तो पडद्यावरचे ओठ पाहूच शकत नव्हता. धुक्यातल्या माणसाच्या ओठांवर तो शब्द बसवत होता.

पण का?

मी त्याचे हेडफोन उचलले. कानांना लावले. का लावले माहीत नाही. आणि कानात, अगदी कानात, वायरमामा बोलले.

"नाही गं, मी कुणालाच सांगितलं नाही. आई शप्पथ." काचेपलीकडे ते फोनवर होते, बायकोशी. बटणाला त्यांचा हातही लागलेला नव्हता. "बाईची जीभ म्हणजे सुरी आहे. पण हात बघशील तर थरथरत असतात सारखे. भ्यालेली आहे गं ती. जाऊ दे."

माझी फाईल त्या मेलेल्या बटणावर होती. पाच तारखेपासून, सकाळ ते संध्याकाळ, तिच्या सगळ्या वजनासकट.

मला बसायला आत स्टुलाशिवाय काही नव्हतं. आणि त्याला हात लावायची हिंमत नव्हती. मी उभ्यानंच एकेक वाक्य आठवत गेले. खुर्ची. बाबा. मागून येणारी माणसं. जिना. गोळ्या. वाघाचं तोंड. तोफखाना, तोफखाना, तोफखाना. निवडुंग. हंडा.

पोट दुखतंय सांगून घरी आले.


शुक्रवार, १५

गेले नाही. दाराला खुर्ची. दुपारी बाहेर कुणीतरी खाकरलं, मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी खाली बसले. शेजारचे होते. बावन्न वर्षांची बाई ओट्याशी बसून विचार करते की माणसाला सगळं माहीत आहे आणि तरी तो ओरडत नाही, म्हणजे नक्की काय करणार आहे?

त्यानं आतापर्यंत काय केलंय, याचा विचार मला संध्याकाळी सुचला. त्याचीही भीतीच वाटली. निराळी.


शनिवार, १६

लवकर गेले. फाईल मांडीवर धरली, दोन्ही हातांनी, तान्ह्या बाळासारखी.

बोळातून खाकरणं आलं. तीनदा. तो आत गेला, हेडफोन चढवले, चष्मा नाकावर. पडद्यावर म्हातारा ओरडायला लागला. तोफखान्यानं तोंड उघडलं, मिटलं.

"बाई," तो माइकमधून म्हणाला, "आज फाईल ठेवली नाहीत?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग डबीकडे. मग त्यांच्या गळ्यातल्या सगळ्या वायरी एकदम खाली आल्यासारख्या वाटल्या. "अरे देवा," ते म्हणाले.

उठून पळावं असं फार वाटलं. दार सहा पावलांवर होतं. मी फाईल उचलून बटणावर ठेवली. आवाज निघेना म्हणून दोनदा खाकरले. आता मीही.

"ऐकू येतंय?"

"नीट."

"पहिल्या दिवसापासून?"

"खुर्चीपासून."

"मग सांगितलं का नाहीत?"

त्यानं कानांवरचे हेडफोन सारखे केले. "सांगितलं असतं तर बंद झालं असतं." मग म्हणाला, "तीस वर्षं मी खोलीत शिरलो की माणसं गप्प होतात, बाई. घरीसुद्धा. मला वाटायचं, मान देतात. काचेपलीकडे काय चालतं ते कुणी सांगितलंच नाही. माझी मुलगी सासरी आहे. ती फोनवर फक्त 'हो बाबा' म्हणते. पलंगाखाली जायची का, ते तिला विचारायचं होतं. विचारलं."

"काय म्हणाली?"

"कपाटात, म्हणाली."

मामा वायरींची गाठ सोडवत होते. गाठ नव्हती.

"आणि निवडुंगाचं?" मी विचारलं. विचारून टाकलं. काय व्हायचं ते होऊ दे.

"कात्रण आहे माझ्याकडे. राग विझायला आला की काढून वाचायचो. तुम्ही मामांना सांगितलंत त्या शुक्रवारी परत वाचलं." त्यानं कागद सारखे केले. "उपमा चांगली आहे. शेवटून दुसरं वाक्य मात्र लांबलंय."

खरंच लांबलंय. मला अठरा वर्षं ते खुपतंय, आणि एवढ्या वर्षांत सांगणारा हा पहिला.

"उपमा चांगली होती," मी म्हटलं. "खरी नव्हती. तिसऱ्या अंकात तुम्ही ओरडलात तेव्हा मी खुर्चीचे हात धरून बसले होते. आत शिजत होतं, मला दिसत होतं. घरी जाऊन लिहिलं, की हंडा रिकामा."

एवढं बोलल्यावर माझ्याकडे वाक्यच उरलं नाही. माझ्यासारखीच्या बाबतीत ही बातमी आहे.

"चष्मा काढा, अण्णा," मी म्हटलं. "पडदा दिसत नाही तुम्हाला."

"तुमचे हात?"

"गार पडतील. पडू देत. मांडीखाली घेते."

त्यानं माझ्याकडे पाहत, अगदी हळू, चष्मा काढला. दांड्या मिटल्या. एक. दोन. टिक आवाज हेडफोनशिवायही मला ऐकू आला, नाहीतर बावन्न वर्षांतला कुठला तरी जुना असेल. मी मांडीखाली हात दाबले. उशीची उसवलेली कड बोटांना लागली, ती धरून ठेवली.

तो ओरडला. काच थरथरली. ओठावर ओठ, शब्दावर शब्द. एका टेकमध्ये. मग त्याच दमात पुढचा प्रसंग, म्हातारा मुलीला "माफ कर" म्हणतो तो. माझ्या हिशेबी सगळ्यांत स्वस्त वाक्य. ते त्यानं इतक्या हळू म्हटलं की मामांना आवाज वाढवायची बटणं पिळावी लागली.

हात गारच होते. ते बरे झाले असं लिहिणार नाही, हा काही सिनेमा नव्हे. मिठी वगैरेही कुणी मारली नाही. आकडा चौदावरच आहे.


मंगळवार, १९

काल काम संपलं, चार दिवस आधी. मालकीणबाई म्हणाल्या, "गोडीगुलाबीनं झालं हो!" मी आणि मामांनी एकमेकांकडे पाहिलं. मामांना मी शनिवारीच म्हटलं होतं, "झाकण मला हवं होतं, मामा, तुम्हाला नव्हे." ते म्हणाले, "हं." पण दोन्ही कान उघडे करून.

आज फाईल आणायच्या निमित्तानं गेले. स्टुडिओत कुणी नव्हतं. खुर्ची कुंई म्हणाली, मी तिला काही बोलले नाही. उशीची उसवलेली कड घरून आणलेल्या निळ्या दोऱ्यानं शिवून घेतली. माझी टीप वाकडी येते, पण घट्ट असते. उशी काचेच्या आत, त्याच्या स्टुलावर ठेवली.

मग त्याची हिरवी डबी उघडली. त्याच छापाच्या गोळ्या तीन दुकानं पालथी घालून मिळाल्या. मी सहा खाल्ल्या होत्या. सात ठेवल्या.

झाकणाला पोचा आहे, ते नीट बसत नाही. अंगठ्यानं दाबून बसवलं.